थंडरबर्डमधला मेल ‘गायब’ होतो तेव्हा कुठे कुठे बघायचं

‘कालपर्यंत इनबॉक्समध्ये होता, आज नाही. मी डिलीट केलेला नाही.’ थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. सीएच्या ऑफिसात जीएसटीची नोटीस सापडत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना ठेकेदाराचं कोटेशन दिसत नाही, नातवाचे फोटो आजीच्या कॉम्प्युटरवरून उडालेले असतात. माणूस घाबरतो, आणि खरं नुकसान पुष्कळदा त्या घाबरण्यातून होतं. कुणी खातं काढून पुन्हा जोडतं, कुणी थंडरबर्डच काढून नव्याने टाकतं, कुणी कुठेतरी वाचून फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करतं.

यातलं काहीही आत्ता करू नका. माझ्या पाहण्यातले असे बहुतेक मेल जागेवरच होते. पडद्याने ते झाकले होते, आणि झाकलंय हे कुठेही सांगितलं नव्हतं. तेव्हा मेल शोधत बसण्याआधी पडदा सध्या काय झाकतोय ते ओळखायचं.

मेनूंची नावं मी १४० या आवृत्तीप्रमाणे दिली आहेत. जुलै २०२३ मध्ये ११५वी आवृत्ती आली तेव्हा थंडरबर्डचा सगळा तोंडवळा बदलला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत थोडाफार फरक सोडला तर हेच सापडेल. वरची मेनूपट्टी दिसत नसेल तर आल्ट दाबा, ‘फाइल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ ही ओळ उमटते. पुढच्या बऱ्याच पायऱ्या तिथूनच जातात.

मेल आहे की नाही, हे आधी ठरवा

ब्राउझर उघडा आणि त्याच खात्यात वेबवरून लॉगिन करून मेल शोधा. तिथे तो सापडला, तर तुमची अडचण फक्त पडद्याची आहे. निम्मं टेन्शन इथेच जातं. नाही सापडला तर कंट्रोल+शिफ्ट+एफ दाबा. उघडणाऱ्या खिडकीत वर पूर्ण खातं निवडा, ‘सर्च सबफोल्डर्स’वर खूण आहे ना ते पाहा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता टाकून शोधा. वरच्या पट्टीतली कंट्रोल+के ची शोधपेटी या कामासाठी वापरू नका. ती एका वेगळ्या अनुक्रमणिकेवर चालते, आणि ती अनुक्रमणिका अपुरी किंवा बिघडलेली असली तर समोर असलेला मेलही ती ‘नाही’ म्हणते. कंट्रोल+शिफ्ट+एफचा शोध फोल्डर स्वतः चाळतो.

मराठीत शोधत असाल तर एक अडचण खास आपली आहे. ‘ॲडव्होकेट’मधला पहिला ‘ॲ’ युनिकोड या अक्षरसंकेतात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक सलग अक्षर, जे २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळे वाटतात. ‘दर्‍या’, ‘सुर्‍या’ यांतल्या अर्ध्या ‘र’चंही तसंच आहे, कारण तोही दोन मार्गांनी टाइप होतो. पाठवणाऱ्याने फोनवरून एका तऱ्हेने लिहिलेलं असतं आणि तुम्ही कॉम्प्युटरवर दुसऱ्या तऱ्हेने शोधता. म्हणून अशी अक्षरं नसलेला शब्दाचा तुकडा टाका. सगळ्यात खात्रीचा मात्र ई-मेल पत्ताच.

यादी कशाने झाकली जाते

डावीकडच्या फोल्डरांच्या रकान्यात वर तीन टिंबं आहेत. तिथून ‘शो टोटल मेसेज काउंट’ चालू करा. आता प्रत्येक फोल्डरसमोर एकूण मेलचा आकडा दिसेल. इनबॉक्ससमोर चार आकडी संख्या आहे आणि यादी मात्र दोन पानांत संपते, असं दिसलं की समजायचं, काहीतरी झाकलेलं आहे. माझ्या मते हा आकडा पहिल्यापासूनच चालू असायला हवा होता. ज्याला आपल्या पेटीत किती कागद आहेत ते दिसतं, त्याला काही कमी झाल्याचं लगेच कळतं.

झाकण्याचं पहिलं कारण क्विक फिल्टर. यादीच्या वरच्या पट्टीत ‘अनरेड’, ‘स्टार्ड’, ‘कॉन्टॅक्ट’, ‘अटॅचमेंट’ अशी बटणं असतात. यातलं एखादं दाबलेलं राहिलं की बाकीचे मेल यादीतून जातात. शेजारी एक टाचणी आहे. ती लावलेली असेल तर तोच फिल्टर तुमच्यासोबत प्रत्येक फोल्डरमध्ये फिरतो आणि सगळी फोल्डरं ओस पडल्यासारखी वाटतात. टाचणी काढा, दाबलेली बटणं सोडवा, शब्दपेटी रिकामी करा. पट्टी दिसत नसेल तर कंट्रोल+शिफ्ट+के.

दुसरं कारण ओळखायला फार कठीण आहे, कारण पडद्यावर त्याची खूणच नसते. ‘व्ह्यू’मध्ये ‘थ्रेड्स’ नावाचा उपमेनू आहे आणि त्यात ‘अनरेड’ हा पर्याय आहे. तो निवडला गेला की वाचलेले मेल त्या फोल्डरमधून दिसेनासे होतात. मेल वाचला, दुसरीकडे गेलात, परत आलात की तो नाही. तक्रार करणारा नेमकं हेच सांगत असतो, ‘वाचला आणि गेला’, आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. ‘व्ह्यू’, ‘थ्रेड्स’, ‘ऑल’ करा. त्याच ‘व्ह्यू’मध्ये ‘मेसेजेस’ असा आणखी एक उपमेनू आहे, तिथेही ‘ऑल’च असू द्या. एकाच कामाचे दोन मेनू का ठेवले असतील ते मला पटत नाही, पण आहेत. एक तपासून दुसरा राहून गेला तर अर्धा दिवस जातो.

तिसरं कारण क्रम. कोष्टकाच्या मांडणीत स्तंभाच्या डोक्यावर चुकून क्लिक झालं की यादी पाठवणाऱ्याच्या नावाने किंवा विषयाने लागते. आजचा मेल मग कुठेतरी मधे, ‘म’च्या किंवा ‘एस’च्या रांगेत जाऊन बसतो. कोष्टकात निदान बाण दिसतो. कार्डांच्या मांडणीत स्तंभांची डोकीच नसतात, त्यामुळे यादी कशाने लावली आहे याचा पत्ता लागत नाही. यादीच्या वर उजवीकडे मांडणीचं बटण आहे, तिथे ‘सॉर्ट बाय’ उघडून ‘डेट’ आणि ‘डिसेंडिंग’ करा.

तरीही एखादाच मेल जागेवर नसेल तर त्याची तारीख तपासा. ‘डेट’ म्हणजे पाठवणाऱ्याच्या मशीनने घातलेली तारीख. त्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर आज आलेला मेल १९७० मध्ये जाऊन पडतो. अशा वेळी ‘ऑर्डर रिसीव्ह्ड’ने यादी लावा, म्हणजे तुमच्याकडे आला त्या क्रमाने दिसेल. जुने स्कॅनर, ऑफिसची उपकरणं यांच्याकडून आपोआप येणाऱ्या मेलबाबत हे पहिल्यांदा बघावं.

चौथं, संभाषणांची घडी. उत्तरं मूळ मेलच्या पोटात जातात आणि घडी मिटलेली असेल तर वरची एकच ओळ दिसते. फुली-चांदणीची ‘*’ कळ दाबली की सगळ्या घड्या उघडतात, ‘\’ दाबली की मिटतात. सोसायट्यांच्या आणि शाळांच्या कार्यालयांत इथेच फार फसगत होते. नवा मेल लिहिताना पत्ते पुन्हा भरायला नकोत म्हणून गेल्या वर्षीच्या नोटिशीला ‘रिप्लाय ऑल’ करतात आणि विषय बदलतात. विषय बदलला तरी मेलच्या आतल्या नोंदी जुन्या धाग्याकडेच, म्हणजे आधीच्या संभाषणाच्या साखळीकडेच, बोट दाखवतात, म्हणून नवी नोटीस जुन्या नोटिशीच्या पोटात. ‘व्ह्यू’, ‘सॉर्ट बाय’ इथे ‘अनथ्रेडेड’ केलं की प्रत्येक मेल आपापल्या ओळीवर येतो. तिथलाच ‘ग्रुप्ड बाय सॉर्ट’ चालू असेल तर ‘आज’, ‘काल’ असे गठ्ठे पडलेले असतील. मिटलेल्या गठ्ठ्यातलं काही दिसत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: थंडरबर्ड हा क्रम, ही घडी प्रत्येक फोल्डरसाठी वेगवेगळी लक्षात ठेवतो. इनबॉक्स नीट केला तरी ‘सेंट’ तसाच राहतो, आणि मग ‘कधी दिसतं कधी नाही’ अशी चमत्कारिक तक्रार जन्माला येते. १४० मध्ये सेटिंग्जमध्ये ‘अपीअरन्स’ हा विभाग आला आहे, तिथून क्रम आणि घडी सगळ्या फोल्डरांना एकदम लावता येते. हा बदल फार वर्षं हवा होता. स्तंभांसाठी, कोष्टकाच्या डोक्याशी उजव्या टोकाला असलेल्या बटणातून सध्याचे स्तंभ इतर फोल्डरांना लावता येतात.

एका कळीचा घोळ

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. थंडरबर्डमध्ये मेलच्या यादीवर लक्ष असताना साधी एक कळ दाबली तरी काम होतं. कंट्रोल नको, शिफ्ट नको. ‘ए’ दाबली की निवडलेला मेल आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने मेल ठेवायच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, जातो. ‘जे’ दाबली की तो जंक ठरतो आणि तशी सेटिंग असेल तर जंकमध्ये हलतोही. ‘के’ दाबली की त्या संपूर्ण धाग्याकडे दुर्लक्ष करायचं असं ठरतं: धागा यादीतून जातो आणि पुढे येणारी उत्तरंही समोर येत नाहीत. आकडे दाबले की टॅग लागतात.

कल्पना करा: तुम्ही शोधपेटीत ‘आकाश’ लिहायला निघालात. पेटीत क्लिक केलंय असं वाटतंय, पण लक्ष अजून यादीवर आहे. इंग्रजी कीबोर्डवर ‘ए, के, ए, एस, एच’ अशा कळा पडल्या. पहिल्या ‘ए’ला एक मेल आर्काइव्हमध्ये, ‘के’ला पुढचा धागा दुर्लक्षित, पुन्हा ‘ए’ला आणखी एक मेल आर्काइव्हमध्ये, ‘एस’ला एकावर तारा. तुम्ही मान वर करून बघता तेव्हा यादी तशीच वाटते, फक्त काही ओळी कमी. की-बोर्डवर धूळ झटकताना किंवा मांजर चालून गेल्यावरही हेच होतं.

‘के’ दाबल्यावर निदान एक पट्टी येते आणि सांगते की या धाग्याची उत्तरं आता दिसणार नाहीत. ‘ए’ला तसं काही नाही. मेल निघून जातो, कुठे गेला ते सांगितलं जात नाही. जीमेलच्या वेबपानावर आर्काइव्ह केलं की खाली सूचना येते आणि तिच्यातच ‘अनडू’ असतं. तेवढी एक पट्टी इथे असती तर मला आलेल्या तक्रारींतला मोठा भाग उद्भवलाच नसता असं मला मनापासून वाटतं. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांनी कापा-चिकटवा ही सोय घडवली आणि आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी भांडले: एकाच कळीने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम होता कामा नये. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’ असं होतं. प्रोग्रॅम वापरायला सोपा आहे का हे तपासायच्या याकोब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा कसोट्यांतली पहिली कसोटी आहे, प्रणालीची स्थिती वापरणाऱ्याला दिसली पाहिजे. पेटीत ‘ए’ म्हणजे अक्षर आणि यादीवर ‘ए’ म्हणजे मेल हलवणं, आणि आपण पेटीत आहोत की यादीवर हे सांगायला फक्त एक बारीक कड. साठी ओलांडलेल्या माणसाला ती कड दिसत नाही. यात त्याचा काहीएक दोष नाही.

तर उपाय. आत्ताच घडलं असेल तर दुसरं काही न करता कंट्रोल+झेड. वेळ गेला असेल तर ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डर उघडा. तो वर्षावर्षांच्या उपफोल्डरांत वाटलेला असू शकतो, आणि ते वर्ष मेलच्या तारखेचं असतं. म्हणजे २०२१ चा मेल आज आर्काइव्ह झाला तरी तो २०२१ मध्येच सापडेल. जीमेलच्या खात्यात ‘ऑल मेल’ बघा. आर्काइव्ह कुठे जातात ते अकाउंट सेटिंग्जच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये दिसतं. तिथे ‘लोकल फोल्डर्स’ निवडलेलं असेल आणि डाव्या रकान्यात ते दिसत नसेल, तर पुन्हा त्याच तीन टिंबांत जा. ‘हाइड लोकल फोल्डर्स’ चालू झालेलं असणार.

दुर्लक्षित धाग्यांसाठी ‘व्ह्यू’, ‘थ्रेड्स’, ‘इग्नोअर्ड थ्रेड्स’वर खूण करा. ते यादीत परत येतील. धागा निवडून पुन्हा ‘के’ दाबली की दुर्लक्ष संपतं.

मेल ओढताना हात सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडला असेल, तर ‘मेसेज’ मेनू उघडा. तिथे शेवटी ज्या फोल्डरमध्ये मेल हलवला त्याचं नाव घेऊन ‘मूव्ह टू … अगेन’ असा पर्याय असतो. त्याच्यावर क्लिक करू नका, फक्त नाव वाचा. तुमचा मेल त्याच फोल्डरमध्ये असण्याची शक्यता दांडगी. ही खूण फार कमी लोकांना माहीत आहे.

एका कळीचे आदेश कायमचे बंद करायला मी वापरतो त्या आवृत्तीत सरळ सेटिंग नाही. ‘टीबीकीज-लाइट’ नावाचं ॲड-ऑन (थंडरबर्डला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आहे, त्याच्या पर्यायांत एका कळीचे सगळे आदेश एका बटणाने काढून टाकता येतात. वयस्कर माणसाच्या किंवा ऑफिसातल्या सामायिक कॉम्प्युटरवर मी ते आधी बसवतो आणि मग बाकीचं काम.

सगळंच गेलं असेल तर

एखादा मेल नाही, अख्खी खातीच नाहीत आणि ‘नवं खातं जोडा’ असं पान समोर आलंय, तर प्रोफाइल, म्हणजे तुमची खाती, मेल आणि सेटिंग्ज ठेवणारं फोल्डर, बदललेलं आहे. थंडरबर्डची प्रत्येक स्थापना आपलं वेगळं प्रोफाइल धरते. अपडेटऐवजी दुसरीकडून पुन्हा इन्स्टॉल केलं, किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर जाताना नेहमीचं पॅकेज जाऊन ‘स्नॅप’ या वेगळ्या तऱ्हेचं पॅकेज आलं, की नवी स्थापना कोऱ्या प्रोफाइलवर उघडू शकते. जुनं तसंच डिस्कवर असतं. ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा, त्यात प्रोफाइलांच्या पानाचा दुवा आहे. तिथून जुनं प्रोफाइल सुरू करून बघा, आणि खात्री पटल्यावरच ते नेहमीचं करा.

आउटलुकवाल्यांसाठी थोडक्यात

तिथली दुखणी याच जातीची आहेत. ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन कप्पे पडले असतील तर आधी ‘अदर’ बघा. ‘व्ह्यू’मधून ‘शो फोकस्ड इनबॉक्स’ बंद करता येतं. जुन्या आउटलुकमध्ये बॅकस्पेस दाबली की मेल आर्काइव्हमध्ये जातो, आणि कंट्रोल+डिलीट दाबलं तर पूर्ण संभाषण, पुढे येणाऱ्या उत्तरांसकट, डिलीटेड आयटम्समध्ये जातं. यादी विचित्र झाली असेल तर ‘व्ह्यू’मधलं ‘रीसेट व्ह्यू’. कंपनीच्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खात्यात वर्षाच्या पलीकडचे मेल दिसत नसतील तर खात्याच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन मेल किती काळाचे ठेवायचे याची सरकपट्टी आहे, ती पुढे ओढा. मेल सर्व्हरवर असतात, मशीनवर उतरवलेले नसतात इतकंच.

खरंच डिलीट झाला असेल तर

वेबवर नाही, कंट्रोल+शिफ्ट+एफमध्ये नाही, ट्रॅशमध्ये नाही. मग आधी ‘टूल्स’मधले ‘मेसेज फिल्टर्स’ आणि फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधली ‘रिटेन्शन पॉलिसी’ बघा. ठरावीक दिवसांपेक्षा जुने मेल काढून टाका असं तिथे कुणी लिहून ठेवलं असेल तर तो खराखुरा डिलीट आहे, आणि तो चालूच राहणार. ते आधी थांबवा.

खातं पीओपी (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) असेल किंवा मेल लोकल फोल्डरमध्ये असेल, तर अजून एक आशा असते. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल सहसा एकाच फाइलीत ठेवतो. डिलीट केलेला मेल त्या फाइलीतून लगेच पुसला जात नाही, त्याच्यावर फक्त खूण होते. तो खरोखर जातो कॉम्पॅक्ट करताना. म्हणूनच सुरुवातीला कॉम्पॅक्टला हात लावू नका म्हटलं. २०० एमबी जागा वाचणार असेल तेव्हा थंडरबर्ड आपणहूनही कॉम्पॅक्ट करायला जातो, त्या पर्यायावरची खूण सेटिंग्जमधल्या डिस्क स्पेसच्या भागातून तात्पुरती काढा.

मग थंडरबर्ड बंद करा, प्रोफाइलच्या फोल्डरची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे कोणतंही एक्स्टेन्शन नसलेली फाइल मोठ्या फाइली झेपणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. मराठी विषय तिथे शोधू नका, देवनागरी विषय सांकेतिक अक्षरांत बदलून साठवलेला असतो. पाठवणाऱ्याचा पत्ता शोधा. मेलच्या वरच्या भागात ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ आणि तिच्यापुढे चार आकडे असतात. ते ०००९ असतील तर ०००१ करा, ०००८ असतील तर ०००० करा. फाइल जतन करा, तिच्या शेजारची त्याच नावाची ‘.एमएसएफ’ फाइल काढून टाका आणि थंडरबर्ड सुरू करा. ती फाइल म्हणजे फक्त यादी आहे, थंडरबर्ड ती नव्याने तयार करतो. फोल्डरचा क्रम मात्र पुन्हा लावावा लागेल.

इथवर येऊनही मेल मिळाला नाही तर मदत मागताना चार गोष्टी सोबत द्या: ‘हेल्प’, ‘अबाउट’मधला आवृत्तीचा आकडा, खातं आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) आहे की पीओपी, तोच पत्ता फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर चालू आहे का, आणि मेल शेवटचा कोणत्या फोल्डरमध्ये पाहिला होता. फोनवर पीओपीने मेल उतरवून सर्व्हरवरून काढायची सेटिंग असेल तर मेल तिकडे असेल, आणि ते कळायला तिसरी गोष्टच उपयोगी पडते.